तीन सीएलचा ताप

सकाळी थर्मामीटरने १०१ दाखवला तेव्हा माझा हात कपाळाकडे न जाता कॅलेंडरकडे गेला. गणपती दीड महिन्यावर.

"आज जाऊ नका," बायको म्हणाली.

"सीएल तीनच उरल्यात."

ती गप्प. कोकणची तिकिटं तिनेच काढलेली. साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, दोन मोबाइल घेऊन.

राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा, म्हणजे सीएल, मिळतात. त्याही तीन-तीन महिन्यांनी दोन-दोन जमा, रेशनच्या साखरेसारख्या. आतापर्यंतच्या सहांतली एक आईच्या मोतीबिंदूला गेली, एक चुलतभावाच्या हळदीला आणि एक आधार केंद्रावर माझा अंगठा माझाच आहे हे पटवून द्यायला. उरलेल्या तीन बाप्पाच्या. त्या तापात घालवणं म्हणजे नैवेद्याचा मोदक उष्टा करणं.

डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये दोनदा शिंकलो आणि शेजारचा आपणहून उठून दारात गेला. चक्क खिडकी! अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ऑफिसात एसी अठरावर, रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. मफलर गुंडाळून बसलो तर उपचार सुरू. अकाउंट्सच्या काकूंनी पर्समधून सुंठ काढली, शिपाईमामांनी ओव्याची पुरचुंडी. शेजारच्या टेबलाने त्याच्या सासऱ्यांच्या अँटिबायोटिकची अख्खी पट्टी पुढे केली.

"गुण आला का त्यांना?"

"घेतलीच नाही त्यांनी. म्हणून तर उरली."

साहेबांनी आत बोलावलं. "अरे, कशाला आलास? तब्येत आधी!" असं म्हणत तीन फायली सरकवल्या. "एवढं उरकून लगेच घरी जा." माझा आवाज बसलेला, त्यामुळे ते कान अगदी जवळ आणून ऐकत होते. बिचारे. निघताना गणपतीच्या रजेचा अर्ज त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. 'एवढं' उरकलं तेव्हा सव्वासात झाले होते.

गुरुवारी माझा ताप उतरला. शुक्रवारी काकू आल्या नाहीत, शेजारचं टेबलही रिकामं. सोमवारी साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलेली.

"अर्जावर सही झाली?" बायकोने रात्री ताट वाढता वाढता विचारलं.

"साहेब आजारी आहेत. घरीच असतात."

तिने आमटीची पळी भांड्यावर आपटली. "म्हणजे काय! एवढ्याशा तापाला कुणी घरी बसतं का?"