भाऊसाहेब चंबळेच्या अलीकडे

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूडहून निघाले. बरोबर तोफा, हत्ती, बायकामुलं, बाजारबुणगे आणि लढाईशी काडीचा संबंध नसलेले यात्रेकरू. एवढा पसारा घेऊन त्यांनी वाटेत दिल्ली घेतली, कुंजपुरा घेतला आणि वर्ष संपायच्या आत पानिपत गाठलं. माझ्या कादंबरीतले भाऊसाहेब मात्र अजून चंबळेच्या अलीकडेच आहेत. लेट झालेल्या गाडीची करावी तशी घरात त्यांची रोज चौकशी होते. मुलगी विचारते, "आई, हलले का गं?" नवरा आता तेही विचारत नाही. "पाणी ओसरलं की हाक मार, चहा टाकतो," एवढं म्हणून पेपर उघडतो.

लोकांना वाटतं, ऐतिहासिक कादंबरीचं निम्मं काम इतिहासानेच उरकून ठेवलेलं असतं. पात्रं तयार, शेवट ठरलेला, आणि मेलेली माणसं कोर्टात जात नाहीत (वंशज जातात, पण ते सोडा). आपण फक्त अधूनमधून तलवारी खणाणायच्या.

प्रत्यक्षात गाडं अडतं ते समईपाशी. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तंबूत समई लावली, असं एक साधं वाक्य. लावली, पण कशाने? काडेपेटी विकायला आली १८२७ साली, तीही इंग्लंडात. म्हणजे चकमक झाडा, ठिणगी कापसावर झेला, फुंकर घाला. तेवढ्यात प्रसंगातली सगळी हुरहुर विझून जाते. शेवटी मी दिवे आधीच लावून ठेवायला सुरुवात केली. माझ्या कादंबरीत कुठेही जा, दिवा लागलेलाच असतो. समीक्षकांना त्यात प्रतीक सापडेल अशी आशा आहे.

चंद्राने तर उघड वैर धरलंय. लढाईच्या आदल्या रात्री मला पहाटेपर्यंत टिपूर चांदणं हवं होतं. पण लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमीची. आदल्या रात्रीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळून मोकळा. अब्दालीशी तहाची बोलणी तरी झाली. पंचांग बोलणीही करत नाही.

मग कागदपत्रं. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, सरदेसायांनी पेशवे दप्तराचे ४५ भाग छापले. ते मुकाट्याने वाचावेत की नाही? पण मला अस्सल कागद बघायची हौस. मोडीत लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि मग अक्षरं तिच्याखाली अशी टांगत सुटतो की शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, त्याचं त्यालाच ठाऊक. नेमक्या नावावर कसरीने जेवण उरकलेलं. शेवटी 'छ', म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख आणि मुसलमानी महिना. वर्ष? बऱ्याचदा नसतंच. असलं तर 'इहिदे सितैन मया व अलफ': एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. इसवी सन काढायला त्यात जूनमधल्या मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. एवढी आकडेमोड करून घामाघूम व्हावं, तर मजकूर काय? पैसे पाठवा. भाऊसाहेब उत्तरेतले पेशव्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांकडे पत्रामागून पत्र टाकून पैसे मागत होते. माझा प्रकाशकांशी जो पत्रव्यवहार चालतो, त्याची भाषा तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

रणभूमी डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, म्हणून सहकुटुंब पानिपतही झालं. काला अंब म्हणतात तिथे आंबा नाही. स्मारकाचा स्तंभ आहे. नदीकाठचं वर्णन लिहायला वही उघडली, तर यमुना मधल्या काळात मैलोन् मैल पूर्वेला सरकलेली. नवऱ्याने चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाला, "काहीच नाही हे बघायला एवढ्या लांब कशाला? शनिवारवाड्यातही काही नाही, १८२८ साली जळला. तो जवळ पडला असता."

हे सगळं परवडलं, पण पूर्वज नकोत. पानिपतावर कादंबरी लिहितेय असं एका लग्नात बोलून गेले आणि पंगत उठायच्या आत निम्म्या मांडवाचे खापरपणजोबा भाऊंच्या फौजेत भरती झाले. बिनीवर लढायला सगळे तयार. तोफेचे बैल हाकायला एकाचाही पूर्वज नाही. मामांनी तर फोनच केला.

"सूनबाई, आमच्या खापरपणजोबांना पांढरा घोडा द्या. आणि ते लढता लढता पडले, असं दाखवा."

"मामा, त्यांना मुलं पानिपतानंतर झाली ना? मग परत आले असणार."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"आले. पण पळून नाही हो! जखमी होऊन."

"कुठे लागलं होतं?"

"उजव्या खांद्याला लिहा," मामा म्हणाले, "आमच्यात सगळ्यांचा तोच दुखतो."