नवं यंत्र आलंय, फ्लेक्स लावा

इस्पितळात नव्या पद्धतीची शस्त्रक्रिया सुरू करताय? अभिनंदन. सगळ्यात आधी फ्लेक्स. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये माणूस अडकला की निवांत वाचतो. 'गोव्यात प्रथमच!' आपल्या डॉक्टरांचीही प्रथमच, हे बारीक अक्षरातसुद्धा नको.

समिती अजिबात नेमू नका. समिती आली की प्रश्न आले. पुरावा काय, शिकवलं कुणी, पहिल्या दहा केसेस तपासणार कोण. नवी गोळी आणायची तर चाचण्या कराव्या लागतात. उपकरणाला 2017 च्या नियमांनुसार परवाना लागतो, धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्गही आहेत. पण तेच उपकरण हातात घेऊन नव्या रीतीने पोट उघडायला सरकारचा वेगळा परवाना लागत नाही. केवढी सोय! तिकडे इंग्लंडात 'नाइस' नावाची सरकारी संस्था नव्या प्रक्रिया तपासत बसते. बसू दे.

प्रशिक्षण शनिवार-रविवारी उरका. 1990 च्या आसपास दुर्बिणीतून पित्ताशय काढायची लाट आली, तेव्हा भलत्याच नळ्या कापल्या गेल्या, आणि 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं की आधी कुणाच्या तरी देखरेखीखाली हात बसवा. तुम्हाला कसली काळजी? कंपनीचा माणूस ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभा असतोच.

संमतीपत्र आदल्या रात्री दहाला द्या. इंग्रजीतच.

'डॉक्टर, अशा किती केल्यात?' असं कुणी विचारलंच तर दुखावल्यासारखा चेहरा करा. 'विश्वास नाही का?' म्हणा. आम्ही गप्प बसतो.

आता महत्त्वाचं. काय बसवलं ते कुठेही लिहू नका. मागच्या महिन्यात माझ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. 'नवीन जाळी आलीय, एकदम हलकी,' डॉक्टर म्हणाले. घरी डिचोलीला आल्यावर डिस्चार्ज कार्ड वाचलं: 'मेश बसवली.' बस्स. कुठल्या कंपनीची, कुठली बॅच? अशा जाळीच्या खोक्यात छोटे स्टिकर येतात, सोलून फाइलला चिकटवायचे, एवढंच काम. फाइलमध्ये स्टिकर नाही. बिलिंगवाल्यांनी ओटीकडे पाठवलं, ओटीने स्टोअरकडे, स्टोअरने परत बिलिंगकडे. बिलात 'कन्झ्युमेबल्स' अशी एक ओळ, त्यात हातमोजे आणि बाबांच्या पोटातली जाळी शेजारी शेजारी. काउंटरवरची बाई म्हणाली, 'पण जाळी आत गेली ना? मग?'

मग काय! 2010 मध्ये एएसआर नावाचे खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले. आपल्याकडे ते हजारोंना बसवले होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा मागच लागला नाही. सांध्याचा धातू झिजून कण रक्तात आणि नाव कुठल्याच वहीत नाही. उद्या ही हलकी जाळी परत मागवली तर माझ्या बाबांना फोन कोण करणार? आमच्या पदेराकडे, पाववाल्याकडेसुद्धा वही असते, कुणाच्या दारात किती उंडे, म्हणजे पाव, टाकले याची. उंड्यांची! आणि तुमच्या काचेच्या इमारतीत माणसाच्या पोटात काय ठेवलं त्याची नोंद नाही?

राहू दे ते विनोद. गोष्ट साधी आहे. किती केल्या, किती बिघडल्या, मोजा. पहिल्या काही वेळेला जाणता माणूस बाजूला उभा करा, कंपनीचा नव्हे, शस्त्रक्रिया करणारा. पेशंटला मराठीत, कोंकणीत सांगा की ही नवी आहे, जुनी पद्धतही आहे, आणि तुमचा नंबर कितवा. काही बिघडलं तर कळवा. त्यासाठी 2015 पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स नावाची, वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारी व्यवस्था आहे, गाझियाबादहून चालते, तिथे रुग्णालाही तक्रार करता येते. तुमच्या भिंतीवर त्याचा एक कागद दिसला नाही मला. रोबोच्या फोटोला जागा होती.

सोमवारी लेखी अर्ज दिला. स्टिकरची प्रत द्या, एवढंच. पोच मागितली तर म्हणाले, आम्ही पोच देत नाही.