"निळा लाईट नको, साधी दुर्बीण करा" : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा सकाळी तपासणीच्या खोलीत एक मावशी आल्या, रात्रीपासून उपाशी, घशात स्प्रे मारायची वेळ आली तर एकदम हात जोडले आणि म्हणाल्या, "बाळा, ती निळ्या लाईटची नको रे, साधी दुर्बीण कर." आणि मोबाईल काढून मेसेज दाखवला. तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आलाय, भावकीच्या ग्रुपवर आलाय, म्हणून म्हटलं आता बसून नीट लिहूनच काढू.

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: आजकाल दुर्बिणीच्या तपासणीत साध्या लाईटऐवजी निळा-जांभळा लेझर मारतात, त्याच्या रेडिएशनने आतडं भाजतं आणि कॅन्सर होतो. स्क्रीनवरचे रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात. पांढऱ्या लाईटमध्ये सगळं दिसतं, बाकी सगळे बिल वाढवायचे धंदे. आणि शेवटी, निळ्या लाईटमध्ये कळतंच तर तपासायला तुकडा (बायोप्सी) काढू देऊ नका.

मी बारा वर्षं एंडोस्कोपी टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला काय झालंय हे मी सांगणार नाही, पण लाईट सोर्स, चित्र तयार करणारा प्रोसेसर, स्कोप म्हणजे दुर्बिणीची नळी, हे माझं रोजचं काम आहे, त्याबद्दल बोलतो.

"साध्या लाईटऐवजी निळा लेझर मारतात"

इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे. "साधा पांढरा लाईट" नावाचा वेगळा रंग नसतोच, पांढरा म्हणजे मिश्रण. जुन्या मशीनमध्ये ३०० वॅटचा झेनॉनचा दिवा असतो, त्यात जांभळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग एकत्र येतात, निळा बघायचा असेल तर दिव्यासमोर फिल्टर येतो आणि बाकीचे रंग अडवतो. म्हणजे नवीन काही मारत नाहीत, उलट प्रकाश कमी करतात! म्हणूनच सुरुवातीच्या एन.बी.आय. (म्हणजे पूर्ण पांढऱ्याऐवजी प्रकाशाचे ठराविक पट्टेच वापरून बघायची पद्धत, मेसेजमधला "निळा लाईट" तो हाच) मशीनवर जठरासारख्या मोठ्या पोकळीत चित्र काळोखं यायचं.

नवीन मशीनमध्ये एका दिव्याऐवजी चार-पाच वेगवेगळे एलईडी असतात. ऑलिम्पसच्या २०२० साली आलेल्या मशीनमध्ये जांभळा, निळा, हिरवा, अंबर (पिवळट-नारिंगी) आणि लाल असे पाच आहेत, फुजीफिल्मच्या एका मशीनमध्ये चार. प्रत्येकाची तीव्रता वेगळी कमी-जास्त करता येते, सगळे ठराविक प्रमाणात मिसळले की पांढरा, जांभळा-निळा वाढवून लाल कमी केला की वरवरच्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. फुजीफिल्मच्या त्याआधीच्या मशीनमध्ये खरोखर लेझर होता हे मान्य, पण त्यात ४५० नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) निळा लेझर फॉस्फरवर, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकणाऱ्या पदार्थावर पडतो आणि त्यातून पांढरा प्रकाश तयार होतो, जोडीला ४१० चा दुसरा लेझर. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्येही हेच चालतं, आत निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर. म्हणजे मावशींनी "साधा" मागितला तरी नव्या मशीनमध्ये तो निळा धरूनच बनतो.

मुतखडा फोडायचा लेझर वेगळा, तो स्वतंत्र फायबरने आत जातो. तोच शब्द ऐकून लोक घाबरलेत असं मला वाटतं.

"रेडिएशनने भाजतं, कॅन्सर होतो"

४१५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, एक्स-रेच्या कणात हजारो. डीएनएतले इलेक्ट्रॉन उपटून काढायची ताकद या प्रकाशात नाही. हा डोळ्याला दिसणारा प्रकाश आहे, अतिनीलसुद्धा नाही, आणि तपासणीत तो काही मिनिटंच असतो.

भाजण्याबद्दल मात्र खरं सांगतो, कारण लपवण्यासारखं काही नाही. प्रकाशाने गरम होतं आणि दुर्बिणीचा इतिहासच या त्रासाने भरलाय. १८०६ मध्ये बोझिनी नावाच्या डॉक्टरने मेणबत्ती लावून शरीराच्या आत बघायचा प्रयत्न केला, पुढे १८७९ च्या सुमारास निट्झे या डॉक्टरच्या दुर्बिणीत तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार टोकाशी असायची आणि ती थंड ठेवायला सतत पाणी फिरवायला लागायचं. १९६० च्या दशकात दिवा बाहेर ठेवून फक्त प्रकाश काचेच्या तंतूंतून आत न्यायची पद्धत रुळली तेव्हा हा प्रश्न बराच सुटला. तरी पोटाच्या ऑपरेशनला वापरतात ती लाईट केबल चालू अवस्थेत चादरीवर ठेवली तर चादर जळते, असं गोल भोक मी स्वतः बघितलंय. म्हणून आम्ही स्टँडबाय करूनच केबल खाली ठेवतो, आणि स्कोपचं टोक एका जागी आतल्या अस्तराला चिकटवून ठेवत नाहीत. ही काळजी पांढऱ्या लाईटलाही लागते, किंबहुना पूर्ण तीव्रतेच्या पांढऱ्याला जास्तच. निळ्याशी त्याचा संबंध नाही.

"रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात"

यावर थोडा वेळ घेतो, कारण यात अर्धं खरं मिसळलंय.

अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा, बोट लाल दिसतं. रक्त जांभळा-निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेतं, लाल खोलवर आरपार जातो. हिमोग्लोबिन सगळ्यात जास्त शोषतं ते ४१५ च्या आसपास, आणि दुसरा उंचवटा ५४० च्या आसपास. म्हणून एन.बी.आय.मध्ये नेमके हेच दोन पट्टे घेतलेत. ४१५ चा प्रकाश आत फारसा घुसत नाही, त्यामुळे अगदी वरच्या थरातल्या केसासारख्या वाहिन्या दाखवतो, ५४० चा थोडा खोल जातो आणि खालच्या मोठ्या शिरा दाखवतो. मग ४१५ चं चित्र स्क्रीनच्या निळ्या आणि हिरव्या भागाला देतात, ५४० चं लाल भागाला, त्यामुळे वरच्या वाहिन्या तपकिरी आणि खालच्या हिरवट-निळ्या दिसतात. हे रंग ठरवलेले आहेत, हो. पण जिथे वाहिनीच नाही तिथे प्रकाश शोषला जात नाही आणि तपकिरी रेघही येत नाही. नकाशात नदी निळी काढतात म्हणून नदी खोटी ठरत नाही, तसंच हे.

आणि पांढऱ्या लाईटचं चित्रसुद्धा जोडलेलंच असतं! काही मशीनमध्ये कॅमेऱ्याची चिप कृष्णधवल असते, दिव्यासमोर रंगीत चाक फिरतं, लाल, हिरवा, निळा असे एकामागोमाग फोटो निघतात आणि प्रोसेसर ते एकत्र करतो, मध्येच आतडं हललं की कडेला रंग फुटलेले दिसतात. म्हणून तर आम्ही प्रत्येक केसच्या आधी स्कोपचं टोक पांढऱ्या कपमध्ये धरून व्हाईट बॅलन्स करतो, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल असे रंग जुळवून घेतो.

हां, काही मशीनमध्ये लाईट पांढराच ठेवून नुसत्या सॉफ्टवेअरने रंग वेगळे करतात, फाईस, आय-स्कॅन वगैरे नावांच्या पद्धती. प्रकाशच बदलणं आणि चित्रावर नंतर प्रक्रिया करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजवाल्याने दोन्हीची सरमिसळ केलीय. फसगत होऊ शकते ती वेगळ्याच ठिकाणी. एन.बी.आय.मध्ये पित्त रक्तासारखं लाल दिसतं, पोट नीट साफ नसेल तर घोटाळा होतो, म्हणून पोट साफ करायचं औषध पूर्ण प्यायला सांगतो तेव्हा कंटाळा करू नका.

"पांढऱ्यात सगळं दिसतं, बाकी धंदे"

नाही दिसत. २०१० मध्ये जपानमधून एक मोठी चाचणी छापून आली, अन्ननलिकेच्या कॅन्सरचे पेशंट, एकाच माणसाला दोन्ही लाईटने बघितलं, तर अन्ननलिकेतले वरवरचे, सुरुवातीचे कॅन्सर पांढऱ्यात ५५ टक्के सापडले आणि एन.बी.आय.मध्ये ९७ टक्के. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झालेले इतके लोक आहेत, अशांना अन्ननलिकेत दुसरा कॅन्सर व्हायची शक्यता जास्त असते, त्यांच्यासाठी स्कोपच्या हँडलवरचं लाईट बदलायचं ते एक बटण किती मोलाचं आहे!

मूत्राशयात आधी औषध भरून तासाभराने निळ्या लाईटने बघतात तेव्हा पांढऱ्यात लपलेला सपाट कॅन्सर गुलाबी-लाल चमकतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये आय.सी.जी. नावाचा रंग शिरेतून देतात, लिव्हर तो पित्तात टाकतं, आणि ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात पित्तनळी उजळते. ती चमक इतकी मंद असते की कॅमेऱ्यासमोर फिल्टर लावून मूळ प्रकाश अडवावाच लागतो, नाहीतर त्यातच बुडून जाते. मग हिरवी छटा नेहमीच्या चित्रावर चढवून दाखवतात. आणि रक्त साचलेलं असताना नेमकं कुठून येतंय ते शोधायला अंबर-लालचा वेगळा मेळ.

पण मोठ्या आतड्यातल्या साध्या पॉलिपसाठी चांगला एचडी पांढरा लाईट आणि सावकाश बघणारा डॉक्टर असेल तर फरक फार मोठा नसतो, हेही मी सांगणार.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडे हँडलवरचं बटण दाबायचे वेगळे पैसे नाहीत. आय.सी.जी. किंवा मूत्राशयाचं औषध यांचा खर्च वेगळा असतो. कुणी लाईटच्या नावाने बिल लावलं तर खुशाल विचारा, तो तुमचा हक्क आहे.

"तुकडा काढू देऊ नका"

या एका ओळीसाठी मी एवढं लिहायला बसलो. निळ्या लाईटने तुकडा कुठून घ्यायचा ते कळतं, तो आजार काय आहे ते पॅथॉलॉजीवाले मायक्रोस्कोपखाली सांगतात. सूज असली तरी डाग उठून दिसतो, मूत्राशयात बीसीजी (तिथल्या कॅन्सरवर आत सोडतात ते औषध) दिल्यानंतर तर नुसती सूजसुद्धा चमकते. लाईट बघून कॅन्सर आहे म्हणणंही चूक आणि नाही म्हणणंही चूक. आणि जो माणूस हा मेसेज वाचून तुकडा नाकारेल त्याचा आजार तिथेच वाढत राहील, मेसेज पाठवणारा बघायला येणार नाही.

मावशींना मी बोट आणि टॉर्चचं करून दाखवलं. हसल्या, तयार झाल्या. पांढऱ्यात जठराच्या खालच्या बाजूला नुसता लालसरपणा होता, बटण दाबल्यावर त्यातला एक छोटा भाग वेगळा दिसला, डॉक्टरांनी तिथले दोन तुकडे घेतले, मी फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवायच्या द्रवाच्या) बाटलीवर नाव लिहून दिलं. रिपोर्ट अजून यायचाय.