मुंबई गोदीतील १९४४ च्या स्फोटाविषयी खुलासा

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट जपानी बॉम्बहल्ल्यामुळे झाला, असा संदेश सध्या फिरत आहे; तो चुकीचा आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी कापूस पेटल्याचे दिसले, आणि आग विझवण्याची शर्थ चालू असतानाच चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. युद्धकाळात घातपाताची शंका येणे स्वाभाविक होते. मात्र सरकारी चौकशीत हा अपघातच ठरला. त्यात ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, ज्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.