तीनशे वीस न्यूटन मीटरचा संसार

गाडी घेतली म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ॲव्हरेज किती देते?" मला तो शेजाऱ्यांनी विचारला, सासऱ्यांनी विचारला, पंपावर डिझेल भरणाऱ्या पोट्ट्यानंही विचारला. खरं उत्तर शहरात अकरा-बारा आणि हायवेवर सतरा-अठरा. पण ॲव्हरेजची चिंता असणाऱ्यानं दोन लिटरच्या टर्बो डिझेलच्या वाटेला जाऊच नये. तिथं विचारायचा प्रश्न वेगळा असतो: टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाकं फिरवायचा जोर, किती? तर तीनशे वीस न्यूटन मीटर, आणि तोही १७५० आरपीएमपासून. हा आकडा मी घरी छाती फुगवून सांगितला. बायको म्हणाली, "मीटर म्हणजे लांबीच ना? बंद न पडता तीनशे वीस मीटर जाते असं का?"

कंपनी जर्मन आहे. नाव घेत नाही. आमच्या आजीनं आजोबांचं नाव जन्मभर घेतलं नाही. त्यात आदर किती आणि राग किती, ते कोणालाच कधी कळलं नाही. माझंही तसंच समजा.

अशा गाड्या नागपुरात येतात त्या बहुतेक दिल्लीच्या कृपेनं. राजधानीच्या परिसरात डिझेल गाडीला दहा वर्षांचंच आयुष्य, असं २०१५ साली हरित लवादानं ठरवलं आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. पुढे त्या नियमाचं बरंच मागंपुढं झालं, पण तोवर तिथले लोक नववं वर्ष लागलं की गाडी मिळेल त्या भावात फुंकायला लागले होते. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे जी गाडी तिकडे शेवटच्या घटका मोजत होती, तिला इकडे आल्याबरोबर पाच वर्षं वाढवून मिळाली. माणसांसाठी अशी सोय कुठल्या आरटीओत आहे का, याची चौकशी मी केली नाही. एजंटनं दरपत्रक काढलं असतं.

वर्धा रोडवरच्या एका यार्डात ती उभी होती. काळी, खाली वाकलेली, २०१४ चं मॉडेल. यार्डवाला म्हणाला, "साहेब, डॉक्टरची गाडी आहे. घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. एकदम मक्खन!" सेकंडहँड गाड्यांच्या धंद्यात भारतातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात. बाकीचे लोक पायी फिरतात. मीटर बासष्ट हजार दाखवत होता. मी खाली वाकून ब्रेकचं पेडल पाहिलं. त्याच्या रबरावरच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या आणि उजव्या कोपऱ्यातून आतलं लोखंड डोकावत होतं. बासष्ट हजारांत एवढं रबर झिजवायचं तर डॉक्टरसाहेबांनी ऑपरेशनंसुद्धा ब्रेकवर उभं राहूनच केली असली पाहिजेत. हे सगळं डोळ्यांनी पाहून, समजून-उमजून मी गाडी घेतली. मला कोणी फसवलं असं या लेखात कुठंही नाही. तीनशे वीस न्यूटन मीटरपुढे माणूस स्वखुशीनं आंधळा होतो.

भाव मात्र मी जोरदार केला, आणि त्यात मला थेट केंद्र सरकारची मदत झाली. सौदा पाच-साडेपाच लाखांत घुटमळत होता तेव्हाची गोष्ट. १२ सप्टेंबर २०२३. दिल्लीत वाहन उद्योगाच्या कार्यक्रमात गडकरींनी डिझेल गाड्यांवर १० टक्के जादा जीएसटी लावायची भाषा केली. आमचेच खासदार! बातमी झळकताच मी यार्डवाल्याला फोन लावला. "आता डिझेल कोण घेणार हो?" त्याचा आवाजच बसला. "साहेब, तुमच्यासाठी पंचवीस हजार कमी करतो." मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. तेवढ्यात असा कुठलाही प्रस्ताव सध्या सरकारच्या विचाराधीन नाही, असा गडकरींचाच खुलासा आला. यार्डवाल्याचा फोन त्याच्याही आधी आला. "साहेब, ते पंचवीस हजार गडकरी साहेबांनी वापस घेतले ना बाप्पा." शेवटी निम्म्यावर जमलं.

पुढचे कागद म्हणजे दिल्लीची एनओसी, फॉर्म २८, २९, ३०, इथला रोड टॅक्स आणि डीएलचा नंबर उतरवून एमएच-३१ चढवणं. ते पुराण लावलं तर इंजिनाला जागा उरणार नाही. एजंट जिंदाबाद, एवढंच म्हणतो.

पहिल्या रविवारी पहाटे विमानतळ ओलांडून जामठ्याच्या दिशेनं निघालो. रस्ता मोकळा. पाय दाबला. क्षणभर काहीच होत नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आधी श्वास घेतो. मग बोनेटखालून एक बारीक शिट्टी ऐकू येते आणि आपली पाठ सीटमध्ये रुतते. शेजारी बसलेल्या बायकोच्या हातातला थर्मास मागच्या सीटवर गेला. ती काही बोलली नाही. थर्मासचं झाकण मात्र आजतागायत सापडलेलं नाही. स्टेडियम कधी आलं आणि कधी गेलं ते कळलं नाही. त्या दिवशी मला ॲव्हरेज विचारलं असतं तर मी मारलं असतं.

आता हिशोबाचं बोलू. ही गाडी नवी असताना पंचवीस लाखांच्या घरात होती. मला पडली त्याच्या पाचव्या हिश्शात. सेकंडहँड घेणाऱ्याच्या डोक्यात हे गणित पक्कं बसतं की पाचव्या हिश्शाची गाडी, म्हणजे खर्चही पाचव्या हिश्शाचा. पण गाडीची किंमत उतरली हे पार्टला कोणी कळवलेलं नसतं. पार्ट अजून पहिल्या मालकाच्याच थाटात असतो. तो ज्या ऐटीत डब्यातून बाहेर येतो, ते पाहून त्याला आत घेण्याची आपली लायकी आहे का, असं वाटायला लागतं. त्यातून तो नागपुरात मिळत नाही. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवावा लागतो. गाडीला दिल्लीत थारा नाही, तिचे पार्ट मात्र सगळे दिल्लीत!

कामठी रोडवर एक मिस्त्री सापडला. त्याच्याकडे स्कॅनर होता आणि मुख्य म्हणजे धीर होता. स्टिअरिंगखाली पिन खोचली की टॅबवर गाडीची कुंडली उघडते. किलोमीटरचा आकडा एकट्या मीटरमध्ये नसतो, गाडीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरांच्या पोटातही तो नोंदलेला सापडतो, हे मला तिथं समजलं. मिस्त्रीनं आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि टॅब उलटा ठेवला. "जाऊ द्या साहेब. चहा सांगू का?" गिअरबॉक्सचं तेल दर साठ हजारांना बदलायचं असतं. ते पहिल्यांदा बदलायचंय की तिसऱ्यांदा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नुसतं "बदला" म्हणालो.

उन्हाळा आला. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की माणसं कुलरपुढे बसतात आणि जर्मन रबर फाटतं. भर दुपारी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर होतो. हा पूल ३.१४ किलोमीटरचा, गिनेस बुकात नोंदलेला. वर मेट्रो, मध्ये आपण, खाली जुना रस्ता. मध्यावर आलो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पायाखालचा सगळा टॉर्क निघून गेला. याला लिंप मोड म्हणतात. इंजिनाला काही धोका वाटला की कॉम्प्युटर त्याची ताकद काढून घेतो आणि "हळूहळू घरी जा" असं सुचवतो. मी हळूहळू निघालो. डोक्यावरून मेट्रो गेली. डावीकडून ऑटो गेला. मग मागं दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवलेली एक मोपेड आली. तिच्यावरच्या काकांनी माझ्या बरोबरीनं गाडी चालवत खिडकीत पाहिलं. त्यांच्या नजरेत खरोखरच आस्था होती. "पंचर आहे का भाऊ?" असं विचारून ते पुढे निघून गेले.

स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. आता तीनशे वीसमधले नक्की किती कुठं सांडले ते शोधायचं. मिस्त्रीनं पोऱ्याला रेस द्यायला बसवलं आणि स्वतः खाली शिरला. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, हवा नेणारी मनगटाएवढी जाड काळी रबरी नळी होती. वरून पाहिली तर धडधाकट. त्यानं ती क्लिपजवळ अंगठ्यानं दाबली, तेव्हा खालच्या बाजूला बोटभर चीर उघडली आणि आतून तेलाचा काळा ओघळ त्याच्या कोपरापर्यंत गेला. अंगठा काढला की चीर पुन्हा गायब! नुसत्या उभ्या गाडीत ती मिटलेलीच राहायची, दाब आला की उघडायची. म्हणजे गाडी दाखवायला न्यावी तेव्हा ठणठणीत आणि चालवायला काढावी तेव्हा आजारी. आमच्या ऑफिसात अशी दोन माणसं आहेत.

काश्मिरी गेटहून नळी यायला आठवडा लागणार होता. मिस्त्री आत गेला आणि ट्रकच्या होजचा एक तुकडा आणि दोन क्लॅम्प घेऊन आला. "तोवर हे चालवा." ते अजून चालू आहे. नऊ हजारांची ओरिजिनल नळी प्लास्टिकच्या पिशवीत डिकीत पडून आहे. ती लावू या म्हटलं की मिस्त्री म्हणतो, "चांगलं चालून राहिलं ना? मग काहून छेडता?"

नंतर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं निघालं. हे प्रकरण नाजूक असतं. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो. या इंजिनात डिझेलचा दाब अठराशे बारपर्यंत जातो, आणि इतक्या दाबाचं डिझेल केसाच्या जाडीशी स्पर्धा करणाऱ्या भोकांतून उडवायचं असतं. अशा ठिकाणी कुठल्याशा पंपावरचं पाणी मिसळलेलं डिझेल गेलं की खेळ खलास. चार इंजेक्टरचा अंदाजे खर्च मिस्त्रीनं तोंडानं सांगितला नाही, कागदावर लिहून घडी करून दिला. तो घरी नेईपर्यंत मला रुडॉल्फ डिझेलची फार आठवण आली. हा माणूस १९१३ सालच्या सप्टेंबरात बोटीनं इंग्लंडला निघाला, रात्री जेवून आपल्या केबिनकडे गेला आणि सकाळी बोटीवर नव्हता. त्याचं काय झालं यावर लोक अजून वाद घालतात. मी घडी उघडली तेव्हा माझ्यापुरता तो वाद मिटला. (सुदैवानं एकच इंजेक्टर गेला होता. बाकीच्या तिघांची सफाई झाली.)

गाडीच्या बाजूनं मी घरात पुष्कळ लढलो. २००६ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ऑडीची डिझेल गाडी पहिली आली, डिझेलवर ती शर्यत जिंकणारी ती पहिलीच, असा दाखला दिला. बायको म्हणाली, "ती चोवीस तास चालली ना? आपली चोवीस तास गॅरेजबाहेर राहिली तरी मी पेढे वाटीन." सिमेंटचा रस्ता आणि कडेचे गट्टू यांच्यामध्ये आपल्याकडे जी पायरी असते, तिनं पातळ टायरचा बाजूचा गाल कापला, तेव्हा तर मी दाखले देणंच सोडलं.

त्यानंतर ईजीआर. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा हा व्हॉल्व्ह. मिस्त्रीनं तो खोलून टेबलावर ठेवला. आतून काजळीचा ओलसर थर, स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तर ढेकळं पडत होती. मी विचारलं, गाडी खराब आहे का?

"खराब नाही साहेब," तो हात पुसत म्हणाला, "गाडी बोर होऊन राहिली. तुम्ही तिला धरमपेठ ते सीताबर्डी फिरवता. ती गरम व्हायच्या आधी तुमचं ऑफिस येते. डॉक्टरनं तेच केलं, तुम्ही तेच करून राहिले. हिला महिन्यातून एकदा लांब न्या. चांगली तापू द्या, रगडा."

नवऱ्याला गाडी रगडण्याची चिठ्ठी अधिकृतपणे मिळण्याचा हा संसारातला दुर्मीळ क्षण होता. घरी येऊन मी सांगितलं, की मिस्त्रीनं समृद्धी महामार्ग लिहून दिला आहे. बायको जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग शिर्डीलाच जाऊ ना. एवढं झाल्यावर साईबाबांशिवाय कोणाचा भरवसा आहे?" शिवमडक्यापासून शिर्डी ५२० किलोमीटर. डिकीत टायर, नऊ हजारांची नळी, कूलंटचे दोन कॅन, टोचनची दोरी आणि तिचा फराळाचा डबा.

शिवमडक्याहून महामार्गाला लागलो. सुरुवातीला मागं थोडा काळा धूर दिसला. वर्धा जिल्हा ओलांडेपर्यंत तो गेला. आणि मग ती गाडी अशी चालायला लागली, की स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवली तरी पुरे. सहाव्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाजसुद्धा नाही, फक्त वाऱ्याचा. तिच्यासाठी हा १२० चा वेग म्हणजे पाय मोकळे करणं. मला तर १२० आहेत असं वाटतच नव्हतं, आणि पुढे काय झालं ते त्यामुळेच. जाऊन आलो. एक दिवा लागला नाही. डिकीतली कुठलीच वस्तू लागली नाही, फराळाचा डबा सोडून.

परतल्यावर काही दिवसांनी मोबाईलवर ई-चलान आलं. वेगमर्यादा १२०, नोंदवलेला वेग १२९, दंड दोन हजार. सोबत गाडीचा समोरून फोटो, नंबर स्पष्ट. मी दंड लगेच भरला आणि चलान फॅमिली ग्रुपवर टाकलं. कारण आमच्या ग्रुपवर वर्षभर या गाडीचे उभे फोटोच पाहिले गेले होते, आणि ती खरंच चालते, तेही १२९ नं, याचा असा सरकारी शिक्क्याचा पुरावा पुन्हा मिळणार नव्हता. सासऱ्यांनी नमस्काराची खूण टाकली. बायकोनं काही टाकलं नाही.

साळ्याचं उत्तर पाच मिनिटांनी आलं. "जिजाजी, फोटो मस्त. पण टोचन करणारी समोरची गाडी काहून कापली?"