सिम बदलून जायचं कुठं? एका वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

मोबाइल आणि टीव्ही मोजक्याच कंपन्यांच्या हाती गेले आणि डेटा महागला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर इचलकरंजीहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे नुसतं रडगाणं आहे; दहा कंपन्या होत्या तेव्हा एक जीबीला अडीचशे रुपये मोजत होतो, आज यंत्रमागावरचा पोरगाही रोज दीड-दोन जीबी वापरतो. कमजोर कंपन्या बाजारानंच बाहेर काढल्या. तीन-चार कंपन्या पुरेशा आहेत, आणि नाहीच पटलं तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. टीव्हीचं म्हणाल तर मोबाइलवर सगळं दिसतंय. शेवटी विचारलंत, ‘मग काय, सरकारनं दर ठरवून द्यायचे?’

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. ‘डेटा महागला’ असं मी सरसकट लिहायला नको होतं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि डेटाचे भाव कोसळले, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. पण ते कोसळले कशानं? कंपन्या एकत्र आल्यानं नव्हे, एकमेकींना भिडल्यानं. 2009 ला टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला, तेव्हाही असंच झालं होतं. तोवर पाच सेकंद बोललं तरी पूर्ण मिनिटाचे पैसे जायचे. नवा गडी आखाड्यात उतरला आणि बाकीच्यांना काही महिन्यांत तोच दर द्यावा लागला. आता नवा गडी यायची चिन्हं नाहीत, आणि जुने एकेक करून गेले. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटाचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले, 31 ऑगस्ट 2018 ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या.

‘बाजारानं ठरवलं’ हेही मला पुरतं पटत नाही. 2012 च्या फेब्रुवारीत मोबाइल सेवेचे 122 परवाने रद्द केले ते सर्वोच्च न्यायालयानं, कारण सरकारनं ते वाटलेच चुकीच्या रीतीनं होते. 2019 च्या ऑक्टोबरात एजीआरचा, म्हणजे कंपन्यांच्या कमाईतला सरकारचा वाटा कोणत्या रकमेवर मोजायचा याचा, निकाल लागला आणि आधीच वाकलेल्या कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी येऊन पडली. तिसरी खासगी कंपनी आज उभी आहे, कारण सरकारनं आपलं येणं शेअरमध्ये बदलून घेतलं. एप्रिल 2025 पासून या व्हीआयमध्ये, म्हणजे व्होडाफोन-आयडियात, सरकारचा वाटा जवळपास 49 टक्के आहे. तीनाच्या दोन होऊ नयेत म्हणून सरकारला एवढं करावं लागलं, तर तीन पुरेशा आहेत असं कसं म्हणायचं?

आता माझ्या मनाला लागलेला मुद्दा. डेटा स्वस्त झाला तो भरपूर वापरणाऱ्याला. ज्याला थोडंच पाहिजे, त्याचं काय झालं?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या एका पानपट्टीवर पूर्वी दहा-दहा रुपयांच्या कूपनांच्या माळा शांपूच्या पुड्यांसारख्या लोंबत असायच्या. दहाचं कूपन घ्यायचं, नखानं चंदेरी पट्टी खरवडायची, आकडे दाबायचे, की 7 रुपये 47 पैशांचा टॉकटाइम. नुसते येणारे फोन घेणाऱ्याला तेवढं महिनोन्‌महिने पुरायचं. 2018 च्या शेवटी नंबर चालू ठेवायलाच 35 रुपये भरायची पद्धत आली. एअरटेलचंच उदाहरण घ्या: 2021 च्या नोव्हेंबरात हा आकडा 99 झाला, 2023 मध्ये 155, आणि जुलै 2024 मध्ये 28 दिवसांच्या 179 च्या पॅकचे 199 झाले. यात अमर्याद कॉल आणि थोडा डेटा मिळतो हे खरं, आणि भरपूर बोलणाऱ्याला ते परवडतं. पण 28 दिवसांचा हिशोब धरला तर वर्षाला तेरा रिचार्ज. 35 नं 455 रुपये व्हायचे, 199 नं 2587 होतात.

माझी आई गगनबावड्याकडच्या आमच्या गावात राहते. बटणाचा फोन, डेटा तिला नको. गेल्या पावसाळ्यात तिच्या रिचार्जची मुदत संपली आणि माझ्या ध्यानातून राहिलं. चार दिवस मी फोन लावतोय, पलीकडून तीच टेप वाजतेय. घाटात दरड कोसळल्याच्या बातम्या येत होत्या. शेवटी शेजारच्या काकूंच्या फोनवर ती भेटली. म्हणाली, ‘अरे, मला वाटलं तूच फोन करीनास झालास.’ पैसे मागणं तिला जमत नाही, आणि कंपनीचे इंग्रजी मेसेज तिला वाचता येत नाहीत.

‘कंपनी बदला’ म्हणालात. जानेवारी 2011 पासून ती सोय देशभर आहे आणि चांगली आहे. पण आमच्या गावात रेंज एकाच कंपनीची येते. बाकीच्यांची सिमं घातली तर फोन घेऊन देवळामागच्या टेकाडावर जावं लागतं. तिथं पोर्टिंगचा काय उपयोग? आणि शहरात तरी काय? जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. बीएसएनएलनं वाढवले नाहीत, तर पुढचे काही महिने तिचे ग्राहक वाढत गेले. म्हणजे चौथं दार उघडं दिसलं की माणूस जातो. अजून एक-दोन दारं हवीत, एवढंच मी म्हणत होतो. यात रडगाणं कुठं आलं?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आम्ही शाहूपुरीत होतो. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, वीज गेलेली. घरात तिघांची तीन कंपन्यांची सिमं. दोन बंद पडली, तिसऱ्यावर जिन्यातल्या खिडकीशी उभं राहिलं की रेंजची एक कांडी यायची. तो फोन आम्ही शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर चार्ज करायचो आणि गल्लीतली माणसं जिन्यावर रांगेनं बसायची, प्रत्येकी दोन मिनिटं. एक आजी तर लेकीला फक्त ‘आम्ही वरच्या मजल्यावर आहे’ एवढंच सांगून फोन परत द्यायची, दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून. तिघांची सिमं एकाच कंपनीची असती तर काय झालं असतं, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

टीव्हीचंही तेच आहे. 14 नोव्हेंबर 2024 ला डिस्ने स्टार आणि व्हायाकॉम 18 यांचं विलीनीकरण पूर्ण झालं आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी एका मालकाकडे आले. झी आणि सोनीचं विलीनीकरण जानेवारी 2024 मध्ये फिसकटलं, नाहीतर मराठी मालिकांच्या चार मोठ्या वाहिन्या दोन घरांत वाटल्या गेल्या असत्या. क्रिकेटचं बघा. 2022 च्या लिलावात आयपीएलचे टीव्हीचे हक्क स्टारनं घेतले, डिजिटलचे व्हायाकॉम 18 नं. दोघांत चुरस होती म्हणून 2023 ला मोबाइलवर सामने फुकट दिसले. आज ते दोघे एकच आहेत, आणि 2025 ला वर्गणीची किंवा ठरावीक रिचार्जची गोष्ट आली. सामना, ॲप आणि सिम एकाच घराकडे, जिओवाल्या रिलायन्सकडे. तेव्हा ‘मोबाइलवर सगळं दिसतंय’ हे आमच्या घरापुरतं तरी खरं नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सरकारनं दर ठरवावेत असं मी म्हणत नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, असा नियम केला. चांगलं केलं. 2025 च्या सुरुवातीला पॅक आलेही, पण त्यातले मुख्य पॅक 84 दिवसांचे, साडेचारशेच्या आसपास होते. दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला, म्हणजे खुरपणीला जाणारी बाई एकदम एवढे कुठून काढणार? तिला 28 दिवसांचा छोटा पॅक पाहिजे, आणि तो दुकानदाराला तोंडपाठ असायला पाहिजे. परवा मी तीन दुकानांत नुसत्या कॉलचा पॅक मागितला. दोघांनी ‘तसला नाही’ म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं मोबाइलमध्ये बराच वेळ शोधून तो काढून दिला आणि म्हणाला, ‘हा आहे हे मलाच म्हाईत नव्हतं.’