निळ्या अंड्यांचा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. फोटोत टोपलीभर निळी अंडी. मजकूर थोडक्यात असा: या विदेशी कोंबडीच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसतं, मधुमेह्यांनी रोज खावं. पिल्लू बाहेर पडताक्षणी नर की मादी ते कळतं, म्हणून नर पहिल्याच दिवशी काढून टाका, खाद्य वाचेल. आणि या जातीचा एकच कोंबडा आणून गावठी कोंबड्यांत सोडा, पुढे पिढ्यान्‌पिढ्या निळी अंडी आणि ओळखता येणारी पिल्लं मिळत राहतील. यावर उतारा म्हणून दुसरा मेसेज येतो: अंडी रंगवलेली आहेत, नाहीतर व्हायरसमुळे निळी झालीत, खाऊ नका.

शेजारच्या वहिनी बचत गटातून कर्ज काढून असा कोंबडा आगाऊ पैसे भरून मागवणार होत्या. तेव्हा मला गप्प बसवेना.

आधी रंगाचं बघू, कारण ते घरच्या घरी तपासता येतं. एका ओळखीच्या माणसाकडून मला अशी दोन अंडी मिळाली. एक फोडून रस-ऑम्लेटला वापरलं. बलक पिवळा, पांढरं पांढरंच, चवीत फरक शून्य. मग कवच धुऊन आतला पापुद्रा नखाने सोलून काढला. कवच आतूनही तसंच फिकट निळं होतं! बाजूला तपकिरी गावठी अंड्याचं कवच ठेवून तेही सोललं, तर ते आतून पांढुरकं. याचं कारण सरळ आहे. अंड्यावर कवच चढायला साधारण वीस तास लागतात. निळा रंग म्हणजे बिलिव्हर्डिन, तो कवच तयार होतानाच त्याच्यात मिसळत जातो. तपकिरी रंग शेवटी शेवटी वरून बसतो. म्हणून निळ्या कवचावर तपकिरी थर आला की अंडं हिरवट दिसतं. वरून रंग फासलेलं अंडं आतून असं एकसारखं निळं होणार नाही.

व्हायरसच्या गोष्टीत तथ्याचा एक कण आहे, म्हणून ती जास्त घाबरवते. २०१३ साली शास्त्रज्ञांना या रंगाचं मूळ सापडलं. फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात जाऊन बसला आणि त्यामुळे शेजारचं एक जनुक कवचग्रंथीत जोरात काम करू लागलं. चिलीतल्या आणि चीनमधल्या कोंबड्यांत हे वेगवेगळं घडलं. पण हा तुकडा म्हणजे आजार नव्हे. तो पिल्लाला आईबापाकडून वारशाने मिळतो, तुऱ्याच्या आकारासारखा. तुमच्या-माझ्या जनुकसंचातही सुमारे ८ टक्के भाग अशाच जुन्या विषाणूंचा आहे. ज्या रोगांची भीती खरोखर बाळगावी ते मानमोडी (राणीखेत) आणि पावसाळ्यात ओल्या खुराड्यात होणारी रक्ती हगवण. अंड्याच्या रंगाशी त्यांचं काही नातं नाही.

कोलेस्टेरॉलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते असतं बलकात, रंग असतो कवचात. मधुमेहाचं औषध म्हणून हे अंडं कुणी दुप्पट भावाने विकत असेल तर तो रुग्णाची फसवणूक करतोय, आणि मला याचा खरंच संताप येतो.

आता पिल्लं ओळखण्याचा मुद्दा. हा अर्धा खरा आहे आणि घोळ इथेच आहे.

बारावीच्या जीवशास्त्रात आपण पनेटची चौकट काढतो. ती ज्यांच्या नावाची, तेच केंब्रिजचे जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट. त्यांनी मायकेल पीज यांच्यासोबत, पिसांच्या रंगावरून जन्मतःच नर-मादी ओळखता येईल अशा जाती घडवल्या. त्यातच पुढे क्रीम लेगबार आली, चिलीहून आलेल्या कोंबड्यांचा निळ्या अंड्याचा गुण घेऊन. मेसेजमधलं वर्णन हिलाच लागू पडतं. तिचं पिल्लू पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो: मादीच्या पाठीवर खारीसारखे गडद, रेखीव पट्टे असतात, तर नर फिकट, पाठीवरचे पट्टे पुसट आणि डोक्यावर मोठा पांढरा ठिपका.

हे साधतं पट्टेदार पिसांच्या जनुकामुळे. ते झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याला दोन झेड, कोंबडीला एकच. त्यामुळे शुद्ध जातीत नराला या जनुकाचे दोन डोस मिळतात, मादीला एक. एका डोसनेही डोक्यावर ठिपका येऊ शकतो, पण दोन डोसवाला जास्त फिका पडतो. कोंबडा आणि कोंबडी दोन्ही शुद्ध असतील तरच हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

मेसेज काय सांगतो? कोंबडा आणा आणि गावठी कोंबड्यांत सोडा. मांडून बघा. कोंबडा आपल्या प्रत्येक पिल्लाला एक पट्टेदार झेड देणार. मुलीला आईकडून झेड मिळतच नाही, म्हणून तिच्याकडे एक डोस. मुलाला आईकडून साधा झेड मिळाला, म्हणून त्याच्याकडेही एकच. दोघांच्याही डोक्यावर ठिपका! म्हणजे ओळखण्याची सोय पहिल्याच पिढीत गेली. उलट केलं, म्हणजे गडद रंगाचा, पट्टे नसलेला गावठी कोंबडा आणि क्रीम लेगबारच्या कोंबड्या, तर ठिपका फक्त मुलांना येतो आणि नर ओळखता येतात. पण तेही त्या एकाच पिढीपुरतं. त्या भावा-बहिणींची पिल्लं काढलीत तर निम्म्या नरांना ठिपका आणि निम्म्या माद्यांनाही. मेसेज जो कोंबडा विकत घ्यायला सांगतोय, त्याच्याने हे काम होणारच नाही.

निळ्या रंगाचा हिशेब वेगळा, कारण ते जनुक नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही आणि प्रबळ आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून मिळालं तरी पुरतं. कोंबडा दोन्ही बाजूंनी शुद्ध असेल तर पहिल्या पिढीतल्या सगळ्या तलंगा (तरुण कोंबड्या) निळी अंडी घालतील. आई तपकिरी अंड्यांची असेल तर हिरवट. मेसेजमध्ये फोटो टाकायला एवढं पुरतं. पण आपल्याकडे कोंबड्या अंगणात, पोफळीच्या कुळागरात मोकळ्या चरतात आणि शेजाऱ्याचा कोंबडा कुंपण मानत नाही. त्या तलंगांवर गावठी कोंबडा आला की पुढच्या माद्यांत निळी अंडी साधारण निम्म्याच देतील, त्यापुढे पाव. शिवाय कोंबडा काही अंडं घालत नाही. तो शुद्ध आहे की नाही ते त्याच्या मुली अंड्यावर येईपर्यंत कळत नाही, म्हणजे पाच-सहा महिने. तोवर विकणाऱ्याचा फोन लागेल का, याचा विचार करा.

याच मेसेजला कुणीतरी शेपूट जोडलंय: लांबट अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी. कोंबडी पाळणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा. एक कोंबडी जवळजवळ जन्मभर एकाच घडणीची अंडी घालते. हे खरं असतं तर एखादीच्या खाली नुसते कोंबडेच निघाले असते. पिल्लाचं लिंग आईकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरतं, आणि तेही कवच चढण्याच्या कितीतरी आधी.

राहिला नर पहिल्या दिवशी काढून टाकण्याचा सल्ला. हा मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचा हिशेब आहे, तिथे अंड्यांच्या जातीच्या नराला मांस चढत नाही आणि खाद्य विकतचं असतं. गोव्यात गावठी कोंबड्याला काय भाव आहे ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन बघा. शागोतीच्या रश्श्याला तोच लागतो, राखणदाराला (गावाच्या रक्षक देवाला) तोच लागतो. उष्टंखरकटं आणि किडे खाऊन वाढलेला नर टाकून देणं म्हणजे घरातली कमाई उकिरड्यावर टाकणं.

वहिनींना मी दोनच गोष्टी सांगितल्या. घ्यायचीच असतील तर कोंबडा आणि कोंबड्या, दोन्ही एकाच शुद्ध जातीच्या घ्या आणि गावठीपासून वेगळ्या जाळीत ठेवा. आणि पैसे देण्याआधी त्या जोडीची एक दिवसाची पिल्लं डोळ्यांनी बघा, दहा-बारा तरी. त्यांनी माझ्यासमोरच विकणाऱ्याला फोन लावला आणि पिल्लं बघायला कधी येऊ म्हणून विचारलं. तो म्हणाला, आधी आगाऊ रक्कम भरा. वहिनींनी फोन ठेवला आणि खुडूक बसलेल्या आपल्या काळ्या कोंबडीखाली अकरा गावठी अंडी ठेवली.